हाताला लागलेली बातमी

ओटी भरायची वेळ झाली तेव्हा वंदनाताई बोंडे हेमांगीजवळ आल्या आणि त्यांनी पदराआडून एक पाकीट पुढे केलं. पाकिटात दवाखान्यात वापरतात तसले पातळ हातमोजे होते.

"हेमाताई, मनाला लावून घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "प्राचीला उद्या ऑफिसला जायचंय."

प्राची समोर फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसली होती. सातवा महिना होता. हॉलमध्ये बायकांची दाटी होती आणि कुणीतरी फोनवर चित्रण करत होतं. हेमांगीनं एकदा लेकीकडे पाहिलं. प्राची गजऱ्याचा दोरा बोटाला गुंडाळत होती, तिनं वर पाहिलं नाही.

वंदनाताई वाईट बाई नव्हत्या. हेमांगीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिनं ओटी भरू नये असं सुचवणाऱ्या दोन मावशांना सकाळीच वंदनाताईंनी गप्प केलं होतं. "आईचा मान पहिला, मग बाकीच्यांचा," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि त्याच बाईनं आता विहिणीच्या हातात हातमोजे ठेवले होते.

हेमांगीनं ते चढवले. कुंकू रबराला चिकटलं, कपाळावर नीट उमटेना. तांदूळ निसटून झोपाळ्याखाली सांडले. खण-नारळ देताना प्राचीनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पदरच पुढे पसरला. बायका काहीतरी हसण्यासारखं बोलल्या. जेवताना सगळ्यांना स्टीलची ताटं होती, हेमांगीपुढे पत्रावळ आली. ती भाजी-वरण जेवली आणि रिक्षा करून घरी आली.

हे सगळं शाईमुळे झालं होतं.

साकळवाडे हे तापीकाठचं तालुक्याचं गाव. हेमांगी अत्तरदे तिथे 'निरोप' नावाचं साप्ताहिक काढायची. एकेकाळी असली साप्ताहिकं जवळजवळ संपली होती, पण फोनवरच्या बातम्यांना चाळणी लागली आणि चित्र पालटलं. फोनवर बातमी टाकली की ती लगेच दिसत नसे. एक प्रणाली आधी ती वाचे, लोक तिच्यामुळे किती अस्वस्थ होतील याचा अंदाज बांधे, आणि अंदाज जास्त आला तर बातमी 'पडताळणीखाली' जाई. पडताळणीतून बाहेर आलेली बातमी कुणी पाहिली नव्हती. मग लोक पुन्हा कागदाकडे वळले. जब्बार तडवी नावाच्या मुद्रकानं गोदामात पडलेलं जुनं ऑफसेट यंत्र दुरुस्त केलं आणि हेमांगी व तो मिळून दर गुरुवारी आठ पानांचा अंक काढू लागले. पाच-सहा वर्षं बरी गेली.

त्यानंतर प्रमाणित शाई आली.

कल्पना मुळात वाईट नव्हती. डीएनए हा रेणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ. ती ओळ प्रयोगशाळेत हवी तशी जुळवता येते, कुठल्याही प्राण्यात किंवा वनस्पतीत न सापडणारी. अशी शंभरेक अक्षरांची ओळ काचेच्या अतिसूक्ष्म मण्यात बंद करायची. मणी इतका बारीक की केसाच्या जाडीत असे शेकडो मावावेत. काचेमुळे आतल्या रेणूला ऊन, पाणी, साबण, काही बाधत नाही. चिमूटभर मणी शाईच्या पिंपात मिसळले की त्या पिंपाला स्वतःचा न पुसता येणारा सांकेतिक क्रमांक मिळतो. खोटी पाठ्यपुस्तकं, बनावट पदव्या, औषधांवरची नकली लेबलं हे सगळं याच शाईनं पकडता आलं. प्रत्येक छापखान्यानं हीच शाई वापरावी असा कायदा झाला, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांकाचं पिंप मिळू लागलं, आणि त्यात वावगं कुणालाच वाटलं नाही.

पुढचं कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्तमानपत्राची शाई कधी पूर्ण वाळत नाही, ती कागदात मुरते. पेपर वाचून झाल्यावर बोटं काळी होतात ती त्यामुळेच. शाईबरोबर मणीही बोटावर येतात आणि बोटांच्या रेषांत जाऊन बसतात. हात धुतले की बहुतेक निघून जातात, पण थोडे उरतात, आणि यंत्राला थोडेच पुरतात. ओल्या पट्टीला बोट टेकवायचं, आतलं रसायन मण्याची काच विरघळवतं, रेणूच्या लाखो प्रती करतं आणि क्रमांक बंदीच्या यादीशी ताडून पाहतं. यादीत नसला तर हिरवा दिवा, असला तर लाल. दोन मिनिटांचं काम. कातडी झडून नवी येईपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, माणसानं काय हाताळलं ते त्याच्या बोटावर राहतं. ज्या हाताला त्यानं हात लावला त्या हातावरही थोडंसं जातं. लोक त्याला बोटयंत्र म्हणत.

साकळवाड्यात बोटयंत्र आलं ते 'निरोप'च्या एका अंकामुळे.

गावाच्या पूर्वेला एका खाजगी कंपनीचं वीज केंद्र होतं. कोळशाची राख पाण्यात कालवून ती मोठ्या तळ्यात सोडत. पावसाळ्यात त्या तळ्याचा बांध झिरपायला लागला. वडगावसारख्या खालच्या गावांतल्या लोकांना पाण्याची चव बदललेली जाणवली. हेमांगी स्वतः हिंडली, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तपासून आणलं. अकरा विहिरींत आर्सेनिक निघालं, काहींत भलतंच जास्त. तिनं पहिल्या पानावर अकराही विहिरींची नावं छापली. खाली एक साधी ओळ होती: हे पाणी उकळूनही पिऊ नये, उकळल्यानं आर्सेनिक जात नाही.

अंक गुरुवारी निघाला. शुक्रवारी आदेश आला की 'निरोप'च्या या अंकाचे वाटप करणे, तो बाळगणे व हाताळणे सार्वजनिक शांततेच्या दृष्टीने स्थगित करण्यात येत आहे. सोमवारी कचेऱ्या, शाळा आणि बँकेच्या दारात बोटयंत्रं बसली.

लाल दिवा लागलेल्याला शिक्षा नव्हती. त्याला फक्त विचारणा होई. अंक कुठून आला, किती वेळ हातात होता, कोणतं पान वाचलं, का वाचलं, वाचून काय वाटलं. विचारणा झालेल्या माणसाचं घराच्या परवानगीचं काम नंतर अडकायचं, बदलीचा अर्ज सापडायचा नाही. त्याचा विचारणेशी संबंध आहे असं कुणी म्हणत नसे.

आठवड्याभरात वर्गणीदार अंक परत आणून देऊ लागले. औषधाच्या दुकानाचे गिरीश वाणी तर सांडशीत धरून घेऊन आले.

"ताई, हा परत घ्या. आणि नाव काढून टाका यादीतून."

"वाचला का?"

"वाचला नाही. मथळा दिसला, आता दिसल्यावर डोळे थोडीच मिटणार."

"गिरीशभाऊ, तुमच्या सासऱ्यांची विहीर आहे त्यात."

गिरीशभाऊंनी सांडशी दुसऱ्या हातात घेतली. "कुठे छापलंय?"

"पहिल्या पानावर. चौथं नाव."

त्यांनी अंकाकडे पाहिलं. तो अर्धा दुमडलेला होता, उघडायला हात लावावा लागला असता. ते म्हणाले, "बघतो. विचारतो त्यांना." अंक पायरीवर टाकून ते निघून गेले.

हेमांगीला सरकारचा राग येई, पण तो सवयीचा राग होता. वाचकांचं काय करावं ते तिला कळेना. ज्यांनी वर्षानुवर्षं पत्रं पाठवून तिच्या व्याकरणातल्या चुका काढल्या, ते आता तिला पाहिल्यावर हात पाठीमागे घेत. चहावाला तिला कागदी कपात चहा देई. भाजीवाली म्हणे, "पैसे फळीवर ठेवा ताई, मी घेते नंतर." जब्बारभाईंच्या तर घरातल्या लोकांनी त्यांचा टॉवेल वेगळा केला होता. ते एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं शाईत काढली. बायकोनं कधी नाक मुरडलं नाही. आता म्हणते, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा."

छापखाना सील करायला जिल्ह्याहून वाघमोडे नावाचे माहिती अधिकारी आले. अतिशय नम्र माणूस. चपला बाहेर काढून आत आले.

"मॅडम, ही बंदी नाही हं. तात्पुरती स्थगिती आहे."

"किती दिवसांची?"

"तात्पुरती."

"बातमीतलं कुठलं वाक्य चूक आहे ते सांगा. पुढच्या अंकात दुरुस्ती छापते."

"चूक कुठलंच नाही. आम्ही तसं म्हटलेलंही नाही."

"मग?"

"परिणाम, मॅडम. लोकांनी विहिरी सोडल्या तर ते टँकर मागणार. टँकरची तरतूद नाही. तरतूद नसताना मागणी झाली की असंतोष होतो."

"म्हणजे टँकर नाहीत म्हणून पाणी चांगलं आहे."

"पाण्याबद्दल मी काहीच बोललो नाही," वाघमोडे म्हणाले आणि त्यांनी खरोखरच दिलगिरीनं मान हलवली. "तो माझा विभाग नाही."

त्यांच्या माणसांनी हातमोजे घालून यंत्राला कुलूप लावलं, उरलेले अंक पोत्यात भरले आणि शाईचं अर्धं भरलेलं पिंप गाडीत चढवलं. निघताना वाघमोड्यांनी सवयीनं हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी नमस्कार केला.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राची आईकडे आली. ती साकळवाड्याच्याच तहसील कचेरीत नायब तहसीलदार होती. दार उघडं होतं तरी ती पायरीवर बसली.

"आत ये की."

"इथेच बरं आहे. वारा आहे."

"खुर्चीला काही चिकटलेलं नाही माझ्या."

"आई, भांडायला नाही आले मी."

हेमांगी उंबऱ्याच्या आत खाली बसली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं.

"मी मागच्या महिन्यात लाल आले होते," प्राची म्हणाली. "तुला सांगितलं नाही. तू आली होतीस ना, बाळ हलतंय म्हणून पोटावर हात ठेवलास, मग माझे हात धरून बसलीस. दुसऱ्या दिवशी फाटकावर लाल. साहेबांनी खुलासा मागितला. मी लिहिलं, आईशी संपर्क. तो शेरा मारून परत आला, संपर्काचे प्रयोजन नमूद करावे."

"काय लिहिलंस?"

"कौटुंबिक. तर म्हणे, कौटुंबिक म्हणजे नेमके काय ते स्पष्ट करावे."

हेमांगीला हसू फुटलं. प्राचीलाही थोडं आलं, पण ते टिकलं नाही.

"सौरभचं पॉलिटेक्निकमधलं कायम होण्याचं प्रकरण पुढच्या महिन्यात आहे. त्याच्याही फाटकावर यंत्र आहे. म्हणून सासूबाईंनी ते मोजे. त्या रात्रभर रडल्या त्यावरून, तुला खोटं वाटेल."

"नाही वाटत."

"तो एक अंक नसता काढलास तर?"

"तर वडगावच्या विहिरी गोड झाल्या असत्या का?"

"मी तसं म्हणाले नाही." प्राचीनं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला माहितेय तू लिहिलंस ते खरं आहे. आमच्याकडे सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. अकराच्या अकरा."

"कधी आला?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"आणि?"

"वर पाठवलाय."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर, आई. मला काय माहीत कुठे."

"तुला माहीत होतं. माझ्यासमोर ओटीत नारळ घेताना तुला माहीत होतं. आणि तिकडे बायका त्या विहिरीचं पाणी पोरांना पाजतायत."

"मी नोकरी करते. तुझ्यासारखं मला सकाळी उठून जे वाटेल ते छापता येत नाही."

"मलाही येत नाही आता," हेमांगी म्हणाली.

प्राची कठड्याला धरून उठली. मदतीला हात पुढे करायचा की नाही हे हेमांगीला ठरवता येईना, तेवढ्यात ती उभी राहिलीही. फाटकापर्यंत जाऊन ती थांबली, पण मागे वळली नाही.

दिवाळीनंतर खालच्या गावांतून माणसं दवाखान्यात येऊ लागली. पोटात कळा, उलट्या, हातापायांना मुंग्या. वडगावची दोन मुलं जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवली, त्यातलं एक परत आलं नाही. मग मात्र 'वर' गेलेला अहवाल खाली आला. प्रशासनानं ठरवलं की लोकांना सावध करायचं, पण घाबरवायचं नाही. पत्रक छापून घरोघर वाटायची जबाबदारी तहसील कचेरीवर आली.

पत्रक छापायला शाई हवी होती. जप्त केलेलं साहित्य पडून न राहता शासकीय कामी लावावं असा एक जुना नियम एका कारकुनाच्या लक्षात आला, आणि 'निरोप'चं अर्धं पिंप सरकारी कंत्राटदाराकडे गेलं. काटकसरीबद्दल त्या कारकुनाचं कौतुकही झालं असावं.

पत्रकांचे गठ्ठे सोमवारी कचेरीत आले, सगळ्यांनी मिळून ते गावांनुसार लावले. मंगळवारी सकाळी फाटकावर तहसीलदारांसकट अख्खी कचेरी लाल झाली. एकटा पहारेकरी हिरवा होता, तो सुट्टीवरून तेव्हाच आला होता. दुपारपर्यंत वडगावचा कोतवाल, दोन शिक्षक आणि घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई लाल झाल्या, कारण पत्रकं त्यांनी हातात घेतली होती. यंत्र वेगळं काही सांगूच शकत नव्हतं. त्याला कागदावर काय लिहिलंय ते कळत नसे, शाई कुठल्या पिंपातली एवढंच कळे. तो क्रमांक यादीतून काढावा तर बंदी असलेला अंक वाचणारेही उद्यापासून हिरवे होणार. ठेवावा तर सरकारचं पत्रक घेणारा प्रत्येक जण संशयित. निर्णयासाठी प्रस्ताव वर पाठवण्यात आला.

तोवर बातमी गावोगाव पोचली होती की कागदाला हात लावायचा नाही. पत्रकं दारात पडून राहिली. बायका ती काठीनं ढकलून गटारात टाकत. काय लिहिलंय ते कुणीच वाचलं नाही. ध्वनिक्षेपकाची गाडी फिरवली, तर लोक म्हणाले, दोन महिने हीच गाडी पाणी उत्तम आहे म्हणून ओरडत होती. कुणी म्हणे सगळ्याच विहिरी बाद, कुणी म्हणे एकही नाही, सगळी कंपनीकडून पैसे काढायची युक्ती.

बुधवारी बाजाराच्या दिवशी सकाळी प्राची आईकडे आली. या वेळी ती पायरीवर थांबली नाही. आत येऊन खुर्चीत बसली आणि पत्रकांची चवड टेबलावर ठेवली. तिच्या मागे वाघमोडे होते, घामाघूम झालेले.

"मॅडम, एक विनंती आहे," वाघमोडे म्हणाले. "हे पत्रक आपण बाजारात वाचून दाखवावं."

हेमांगीला आधी ते नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "मी?"

"आमचं कुणी ऐकत नाही. खरं तर लोक म्हणतात, अत्तरदेबाईंनी सांगितलं तर मानू."

"तुम्ही माझं तोंड बंद केलंत ना?"

"तोंड नाही मॅडम. छपाई. आदेशात वाटणे, बाळगणे, हाताळणे एवढंच आहे. ऐकणे नाही. मी पुन्हा तपासून आलोय."

तिला इतका वैताग आला की हसावं की त्यांना बाहेर काढावं ते कळेना. तिनं पत्रक उचलून वाचलं. वरच्या चार ओळी घाबरण्याचं कारण नाही यातच गेल्या होत्या. खाली विहिरींची नावं.

"सातच आहेत ही."

वाघमोडे खिडकीबाहेर पाहू लागले.

"चार कुठे गेल्या? खोंड्याची, मठाची, शिवराम चौधरींची आणि शाळेमागची?"

उत्तर प्राचीनं दिलं. "त्या रस्त्यापलीकडे आहेत. तिथे कंपनीच्या नव्या तळ्याला मंजुरी द्यायचीय. त्या विहिरी दूषित दाखवल्या तर मंजुरी अडते."

"शाळेमागची पण?"

"हो."

"मॅडम, सात तर सात, सुरुवात तरी होते," वाघमोडे म्हणाले.

हेमांगीनं पत्रक खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. "चला," ती म्हणाली.

बाजार भरात होता. जब्बारभाईंनी केळीची एक रिकामी हातगाडी ओढून आणली आणि हेमांगी तिच्यावर चढली. खालच्या गावांची माणसं बरीच होती. सुरुवातीला लोक लांबच उभे राहिले. तिच्या हातात कागद होता, आणि कागद पाहून पुढची रांग दोन पावलं मागे सरकली.

"कागद माझ्याच हातात राहील," हेमांगी म्हणाली. "तुम्ही फक्त ऐका."

तिनं घाबरण्याच्या ओळी गाळल्या आणि सरळ नावांवर आली. एकेक विहीर, गाव, कुणाच्या वाड्यामागे, कुठल्या पिंपळाजवळ. उकळून चालणार नाही हे दोनदा सांगितलं. लोक पुढे सरकू लागले. सातवं नाव झालं. तिनं कागद खाली केला आणि आठवं नाव घेतलं.

"मॅडम," वाघमोडे खालून म्हणाले. "पत्रकात सातच आहेत."

"छपाईची चूक असेल."

"मॅडम, हे शासकीय पत्रक आहे. त्यात नसलेलं..."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब म्हणतायत सातच. मग बाकीच्या चांगल्या का?" पुन्हा कुजबुज सुरू झाली. एक बाई, शाळेमागच्या वस्तीतली, विचारत होती, "आमची कशी आहे? आमचं कुणी सांगा ना." हेमांगीनं पुन्हा सांगितलं, पण आता दोन बाजू झाल्या होत्या, एकीकडे बाई आणि एकीकडे सरकार, आणि लोकांना नेमकं काय धरावं कळेना.

प्राची हातगाडीशी आली. पोट सांभाळत तिला वर चढता येईना. हेमांगीनं विचार न करता हात दिला, प्राचीनं तो धरला आणि ती चढली.

"मी नायब तहसीलदार प्राची बोंडे," ती म्हणाली. "सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल मी स्वतः वाचलाय. विहिरी अकरा आहेत. उरलेल्या चार विहिरींची नावं मी सांगते. खोंड्याची विहीर. मठाची विहीर. शिवराम चौधरींची. आणि शाळेमागची. या चारही विहिरींचं पाणी आजपासून कुणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका. टँकर लागले तर माझ्याकडे या."

शाळेमागच्या वस्तीतली बाई डोक्यावरची टोपली उतरवून खाली बसली. तिच्या शेजारणीनं फोन काढला आणि घरी सांगितलं, "हंडा ओत. सगळा ओत." मग बाजारभर तेच सुरू झालं, फोनवर, हाका मारून, एकमेकींच्या खांद्याला धरून. वाघमोडे हातगाडीच्या चाकापाशी उभे होते. त्यांनी कुणाला अडवलं नाही. थोड्या वेळानं ते फक्त एवढंच म्हणाले, "प्राची मॅडम, माझ्यापुरतं मी काही ऐकलं नाही," आणि गाडीकडे गेले.

प्राची त्या दिवशी सासरी न जाता आईकडेच आली. संध्याकाळी सौरभ तिचे कपडे घेऊन आला. त्याच्याबरोबर वंदनाताई होत्या, त्यांनी शिऱ्याचा डबा हेमांगीच्या हातात दिला आणि क्षणभर दोन्ही हातांनी तिचे हात धरून ठेवले. सौरभनं आपल्या आईला अडवलं नाही. त्याचं कायम होण्याचं प्रकरण पुढे ढकलल्याचं त्याला दुपारीच कळलं होतं.

टँकर आले ते पुढच्या आठवड्यात, आणि आले ते आधी सात विहिरींच्या वस्त्यांवर. बाकीच्या चार वस्त्यांची माणसं रोज हेमांगीच्या अंगणात येऊन बसत, अर्ज कुणाकडे करायचा ते विचारायला. अर्जासाठी विहिरी दूषित असल्याचा सरकारी पुरावा लागत होता, आणि असा पुरावा आपल्याकडे नाही असं सरकार सांगत होतं. छापखान्याचं सील तसंच होतं.

अशातच एका सकाळी कचेरीचा शिपाई लिफाफा घेऊन आला. प्राची पडवीत आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"मॅडम, कारणे दाखवा नोटीस आहे. घेऊन सही करा."

"कागद मी हातात घेणार नाही. विचारणा होते नंतर. वाचून दाखवा."

शिपायानं हेमांगीकडे पाहिलं. तिनं त्याला स्टूल दिलं. त्यानं लिफाफा फोडला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "शासकीय प्रयोगशाळेच्या गोपनीय अहवालात दूषित म्हणून नोंद असलेल्या, परंतु शासकीय पत्रकात नमूद नसलेल्या पुढील चार विहिरींची नावे आपण जाहीर सभेत कोणत्या अधिकारात उच्चारली..."

"थांबा," प्राची खुर्चीत सरळ होत म्हणाली. "खाली सही-शिक्का आहे?"

"आहे ना. उपविभागीय अधिकाऱ्यांचा."

"आणि चारही नावं लिहिलीत?"

"लिहिलीत."

"मग ते वाक्य पहिल्यापासून वाचा," प्राची म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं. अंगणात माणसं बसलीत."